स्लाइडवरची बुरशी आणि इतर दृक्‌श्राव्य साधनं

आमच्या मेडिकल कॉलेजात शिकवायचं कुठलंही नवं यंत्र आलं, की खोक्यात तीन गोष्टी यायच्या : यंत्र, ते कसं वापरायचं याचं कुणी न वाचणारं पुस्तक आणि एक किस्सा. यंत्राची वॉरंटी संपायची. पुस्तक हरवायचं. किस्सा मात्र दरवर्षी नवीन बॅचला सांगितल्यामुळं ठणठणीत राहायचा. मी शरीररचनाशास्त्र शिकवत निवृत्त झाले. आता कुणी भेटलं की विचारतं, "मॅडम, एवढ्या वर्षांत काय जमवलं?" काय सांगू? हेच!

सुरुवात मुळे सरांपासूनच करावी लागते, कारण आमच्या विभागाची सुरुवातच तिथून व्हायची. मुळे सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. उंच, किडकिडीत, आणि कोटाच्या खिशात कायम रंगीत खडू. दोन्ही हातांनी एकाच वेळी फळ्यावर हृदय काढायचे. डावी बाजू डाव्या हातानं, उजवी उजव्या. अशा माणसाला सरकारनं स्लाइड प्रोजेक्टर पाठवला.

सर म्हणाले, "पाठवलाय ना, मग वापरू." आणि स्लाइडचा एकच डबा वर्षानुवर्षं वापरला. आपलं शहर कोरडं असलं, तरी आमच्या स्टोअर रूममधली भिंत बारमाही ओली असायची. नेमका तो डबा त्या भिंतीला टेकून ठेवलेला.

एकदा सर यकृताची स्लाइड दाखवत होते. "हे कडेचे बारीक तंतू बघा. नाजूक, फांद्या फुटल्यासारखे. फार वैशिष्ट्यपूर्ण आहेत."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, हेच तंतू सोमवारी फुप्फुसात होते. काल किडनीत पण होते."

सरांनी चष्मा काढला, पडद्याजवळ गेले, नीट बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मग रोग पसरलाय. लिहून घ्या!"

सगळ्यांनी लिहून घेतलं!

आमचा प्रोजेक्टर चालवायचे सलीमभाई. त्यांनी त्याच दुपारी सगळ्या स्लाइड्स स्पिरिटनं पुसल्या आणि सरांच्या केबिनमध्ये येऊन रिपोर्ट दिला, "साब, पूरे मरीज अच्छे हो गए!"

*

पुढं कॉम्प्युटर आला. एकच. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला पडदे, दाराबाहेर पाटी : 'पादत्राणे बाहेर काढावीत'. आणि कंपनीवाल्यानं सांगितलं, की मशीनला उष्णता चालत नाही. म्हणून एसी! आख्ख्या कॉलेजात डीनसाहेबांनंतर एसी मिळालेला हा दुसराच.

मुळे सरांनी मीटिंगमध्ये त्या कॉम्प्युटरला कडाडून विरोध केला होता. पण मे महिना लागला आणि सर रोज जेवण झाल्यावर त्या खोलीत दिसू लागले. बूट बाहेर, पाय खुर्चीवर, हातात वर्तमानपत्र.

मी विचारलं, "काय सर, शिकायला लागलात की काय?"

"छे!" सर पान उलटत म्हणाले. "एकटा पडतो बिचारा. सोबत करतोय."

*

मग आमच्याकडं जाधव आले. डॉ. जाधव, गंगापूरकडचे, घरची उसाची शेती, आणि अंगात कॉम्प्युटर संचारलेला. मुळे सरांचा ज्या गोष्टीला विरोध, तिचा जाधवांना ध्यास. आणि तरीही दोघं रोज एका डब्यात जेवायचे, हे आमच्या विभागाचं न सुटलेलं कोडं.

जाधवांना पॉवरपॉइंट सापडलं, त्या आठवड्यात ते घरीच गेले नसावेत. एकदा मला ओढत घेऊन गेले. "मॅडम, लई भारी झालंय, बघा तर!"

हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं दाखवायचं होतं. पहिली नस गरगर फिरत आली. दुसरी टाइपरायटरचा आवाज करत उमटली. तिसरी करकचून ब्रेक लागल्यासारखी येऊन थांबली. चौथी आली, तेव्हा टाळ्या वाजल्या.

"मुलं विसरतील का आता?" जाधव म्हणाले.

नाही विसरली. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेला मी एका मुलाला तेच जाळं विचारलं. त्याचा चेहरा एकदम खुलला. डोळे मिटून तो सांगू लागला, "मॅडम, पहिली डावीकडून फिरत येते. मग टकटकटक करत दुसरी. मग ब्रेक लागतो. मग टाळ्या!"

"शाब्बास! आणि नावं?"

त्यानं डोळे उघडले. "नावं वाचायच्या आत पुढची स्लाइड यायची, मॅडम."

*

ते दिवस लोडशेडिंगचे. आणि आमचं नवं दृक्‌श्राव्य सभागृह म्हणजे खिडक्यांना काळा रंग मारलेलं. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून! दिवे गेले, की भरदुपारी स्वतःचा हात दिसायचा नाही.

एकदा बाहेरून मोठे पाहुणे बोलावले. मेंदू हा विषय. यांनी म्हणे नुसत्या स्लाइड्स करायला वर्ष घातलेलं. पाहुण्यांनी पहिली स्लाइड लावली, "नमस्कार" म्हणाले आणि वीज गेली.

जनरेटर होता. त्यात डिझेल नव्हतं. जाधव बाहेर धावले. आम्हाला वाटलं, पाहुणे थांबतील किंवा तसंच बोलतील. पण त्या गृहस्थांनी भाषण पाठ केलं होतं ते स्लाइडसकट! अंधारात खणखणीत आवाज सुरू झाला, "इथं उजव्या कोपऱ्यात लाल रंगात जे दिसतंय, त्याकडं लक्ष द्या. दिसतंय ना?"

"हो सर!" अंधारातून सगळा वर्ग.

"आता या पुढच्या स्लाइडशी त्याची तुलना करा."

वर्गानं तुलना केली. पाहुण्यांनी पूर्ण मेंदू संपवला. शेवटी 'धन्यवाद' लिहिलेली स्लाइडसुद्धा वाचून दाखवली. टाळ्या पडल्या आणि वीज आली!

मुलांनी अभिप्राय लिहून दिले. मी आणि मुळे सर वाचत बसलो. बहुतेकांनी एकच लिहिलं होतं : 'स्लाइड्स अतिशय स्पष्ट होत्या.'

मुळे सर म्हणाले, "यात खोटं काय आहे? बुरशी कुठंच दिसली नाही."

*

जाधवांच्या स्लाइड्स हळूहळू प्रसिद्ध झाल्या. आधी सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर, मग मोबाइलवर. कुठून कुठं गेल्या, देव जाणे.

पुढं जाधव मोठे झाले. लेक्चररच्या मुलाखती घ्यायला आमच्या समितीत बसू लागले. एके दिवशी एक तरुण डॉक्टर आला. इस्त्रीचा शर्ट, आवाजात जोर. विषय मूत्रसंस्था. त्यानं पहिली स्लाइड लावली आणि जाधव खुर्चीत सावरून बसले. दुसरी आली. जाधवांनी माझ्याकडं बघितलं. तिसरी स्लाइड टाळ्यांच्या आवाजात आली, तेव्हा माझीही खात्री पटली.

तेवढ्यात एक आकृती आली. मूत्रपिंड वर, मूत्राशय खाली, आणि मधल्या नळीवर बाण. बाण खालून वर जात होता!

जाधवांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, हा बाण उलटा नाही का?"

उमेदवार क्षणभरही गडबडला नाही. "नाही सर. वरवर तसं वाटतं. पण अलीकडं या प्रवाहाकडं वेगळ्या दृष्टीनं बघतात."

"व्हय का? स्लाइड्स तुम्हीच केल्या?"

"रात्र रात्र जागून, सर!"

तो बाहेर गेला. मी म्हटलं, "जाधव, आता काय?"

जाधव कपाळ चोळत होते. "ती चूक माझी आहे, मॅडम. घाईत काढला होता बाण. पण एवढ्या ठामपणानं तर मी पण कधी शिकवली नव्हती!" आणि मग म्हणाले, "घ्या त्याला. पुढं जाईल."

तो घेतला गेला नाही. पण पुढं गेला. दुसऱ्या एका कॉलेजात आज विभागप्रमुख आहे. बाण अजून वरच जातो, असं ऐकते.

*

मुळे सर निवृत्त व्हायच्या थोडं आधी आमच्या सभागृहात स्मार्ट बोर्ड आला. पांढराशुभ्र, भिंतभर. बोटानं लिहायचं, बोटानं पुसायचं. जाधवांनी उद्घाटनाचा मान मुद्दाम सरांना दिला. "सर, तुमच्यासाठीच मागवलाय बघा. फळ्यासारखाच हाय."

सर खूश झाले. इतका मोठा, इतका गुळगुळीत फळा त्यांनी जन्मात बघितला नव्हता. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. खडू इथं चालत नाही, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते तयारीनं आले होते. खिशातून काढले ते दोन पिवळे मार्कर. आमच्या म्युझियममधल्या बरण्यांवर नावं लिहायचे, फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं टिकणारे!

कुणाच्या लक्षात येईपर्यंत सरांनी दोन्ही हातांनी काढायला सुरुवात केली होती. तेच जाळं, हाताच्या नसांचं. काय सुरेख काढलं, म्हणून सांगू! प्रत्येक नस मुळापासून बोटापर्यंत, नावासकट. मुलं उभी राहिली. जाधवांनीही टाळ्या वाजवल्या. मग पुसायला गेले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

स्पिरिट झालं. पेट्रोल झालं. माझ्या पर्समधलं नेलपॉलिश रिमूव्हर झालं. जाळं हललं नाही.

मग त्या सभागृहात जो कुणी शिकवायला येई, त्याला ते जाळं पार्श्वभूमीला मिळे. मानसोपचारवाल्यांच्या फिल्ममधल्या उदास पेशंटच्या चेहऱ्यावरून नसा जायच्या. नेत्रविभागाच्या मॅडम म्हणायच्या, "डोळ्यातल्या या ज्या जाड पिवळ्या तारा दिसतात, त्या मुळे सरांच्या आहेत. दुर्लक्ष करा."

त्या वर्षी परीक्षेत हाताच्या नसांच्या प्रश्नात एकही मूल नापास झालं नाही!

जाधवांनी वार्षिक अहवालात एक ओळ लिहिली : 'स्मार्ट बोर्डच्या वापरामुळे निकालात लक्षणीय सुधारणा.'

*

कोरोनात कॉलेज बंद पडलं आणि आम्ही सगळे पडद्यात गेलो. मी घरातल्या डायनिंग टेबलावर मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून शिकवायचे. समोर काळे चौकोन आणि त्यात नावं. आपण विनोद केला, तर तो कुठं जाऊन पडतो तेही कळायचं नाही.

एक दिवस गुडघा शिकवत होते. हजेरी घेतली, सगळे 'हजर, हजर' म्हणाले. तास संपताना विचारलं, "काही शंका?" या प्रश्नाला आजवर उत्तर आलं नव्हतं. त्या दिवशी आलं!

"ओ बाई, त्या वाटीच्या मागचं जरा परत सांगा. मला लई दिवसापासनं तितंच दुखतंय."

आवाज सत्तरीच्या पुढचा. चौकोनावरचं नाव माझ्या एका विद्यार्थ्याचं. दौलताबादच्या पलीकडं त्याचं गाव.

"आपण कोण?"

"आजोबा त्याचा."

"आणि तो कुठंय?"

"झोपलाय. मला म्हनला, आजोबा, बाईनं नाव घेतलं की निस्तं हजर म्हना. पर तुम्ही सांगत व्हत्या ते चांगलं वाटलं, म्हून बसलो ऐकत. रोजच बसतो."

आता इतरांचे माइक उघडले. सगळा वर्ग हसतोय. मी जरा कडक आवाजात म्हटलं, "आजोबा, असं कसं चालेल? मी आता हजेरी कुणाची लावू?"

म्हातारा जराही घाबरला नाही. "माजीच लावा की! ऐकत तर मीच व्हतो."

मी वाटीच्या मागचं परत सांगितलं.

*

आणि मग तो पुतळा आला. पुतळा म्हणायचं नाही, जाधव रागवायचे. सिम्युलेटर! दिसायला आडव्या झोपलेल्या माणसासारखा. श्वास घेतो, घाम येतो, नाडी लागते, पापण्या मिटमिटतात. मुलांनी त्याच्यावर उपचार करायचे आणि शेजारच्या काचेच्या खोलीतून जाधवांनी कॉम्प्युटरवर त्याची तब्येत बिघडवायची. मुलं चुकली की कॉम्प्युटर मार्क कापतो.

त्याला आवाजही होता, पण परदेशी. आपल्या मुलांना त्याचं कळेना. म्हणून जाधवांनी माइक दिला सलीमभाईंच्या हातात. आता पेशंट आमचा झाला!

मुलीनं विचारावं, "काय होतंय?"

पुतळा म्हणायचा, "क्या बोलू बेटा, औरंगपुरे में गाडी लगाने कू जगा नहीं मिली, तब से छाती में कैसा तो बी हो रा."

पण सलीमभाई पडले मऊ मनाचे. मूल गोंधळलं, की त्यांना राहवायचं नाही. एकदा एक मुलगी रडकुंडीला आली. इकडं जाधवांनी पेशंटचं ब्लडप्रेशर खाली खाली नेलेलं, आणि तिकडं पेशंट म्हणतोय, "अब एकदम अच्छा लग रा बेटा. तुम जाव, खाना खाव."

"सलीमभाई!" जाधव ओरडले. "तुमचं बीपी लागत नाहीये! तुम्ही शुद्धीवर नाही!"

सलीमभाईंनी माइकवर हात ठेवला. "मैं क्या करूं साब, बच्ची के हात में शिफा है! हात लगाया, के मरीज अच्छा हो जाता!"

*

शेवटच्या वर्षाच्या मुलांची त्या पुतळ्यावर परीक्षा ठेवली, तेव्हा जाधवांनी सलीमभाईंचा माइकच बंद करून टाकला. पेशंट बेशुद्ध अवस्थेत आणलेला, बोलायचं नाही. आणि त्यांनी कॉम्प्युटरमध्ये अशी केस भरली, की मुलांनी सगळं बरोबर केलं तरी पेशंट जाणारच.

"मुद्दाम केलंय, मॅडम," मला म्हणाले. "उपचार तर सगळ्यांना पाठ हायेत. माणूस हातचा गेल्यावर काय करत्यात, ते बघायचंय."

मुळे सरांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. जाधवांनी त्यांना निरीक्षक म्हणून बोलावलं होतं. काचेमागच्या खोलीत आम्ही चौघं बसलो : जाधव कॉम्प्युटरपाशी, सलीमभाई बंद माइक घेऊन, मी, आणि कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून मुळे सर.

मुलं एकेक करून आत आली. छाती दाबली, इंजेक्शनं दिली, शॉक दिला. यंत्रावरची रेघ सरळ झाली, की घड्याळ बघून मृत्यूची वेळ मोठ्यानं सांगितली आणि ग्लव्ह्ज काढून बाहेर. एकानं काचेकडं बघून अंगठा दाखवला. एकानं विचारलं, "सर, झालं का? मार्क आत्ताच कळतात का?" कॉम्प्युटरनं प्रत्येकाला मार्क दिले. चांगले दिले. कुणीच काही चुकलं नव्हतं.

मग वैष्णवी आली. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. तिनं सगळं केलं. तिच्याही पेशंटची रेघ सरळ झाली. ती थोडा वेळ तरीही छाती दाबत राहिली. मग थांबली. घड्याळ बघून वेळ सांगितली. जाधवांनी पुढच्या मुलाला बोलवायला बेलवर बोट ठेवलं.

वैष्णवी जागची हलली नाही. तिनं ग्लव्ह्ज काढले. उपचारासाठी उघडलेली पुतळ्याच्या शर्टाची बटणं एकेक करून लावली. खाली लोंबणारा हात उचलून अंगावर ठेवला. मग तिनं त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवला. पापण्या मिटल्या आणि आतल्या मोटरनं परत उघडल्या. तिनं पुन्हा मिटल्या. त्या पुन्हा उघडल्या.

तिनं वर कॅमेऱ्याकडं बघितलं. "सर, यांचे डोळे मिटत नाहीयेत. तुम्ही मिटता का जरा?"

जाधव घाईनं कॉम्प्युटरमध्ये शोधू लागले. नाडी होती. घाम होता. ठोक्यांच्या नाना तऱ्हा होत्या. मिटमिटणाऱ्या पापण्या होत्या. गेलेल्या माणसाचे डोळे मिटायची सोय काही सापडेना. पडद्यावर लाल अक्षरं आली : वेळ संपली. वैष्णवीचे मार्क एकेक करून उतरू लागले. ती तशीच उभी होती, पुतळ्याच्या डोळ्यांवर हात धरून.

"जाधव," मी म्हटलं, "करा ना काहीतरी."

"शोधतोय ना, मॅडम!"

माझ्यामागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मुळे सर उठले होते. काठी टेकत दार उघडून ते आत गेले. वैष्णवीकडं बघितलं नाही, कॅमेऱ्याकडं बघितलं नाही. खाटेपाशी कष्टानं वाकले आणि भिंतीतला प्लग ओढून काढला.

पुतळ्याच्या पापण्या हलकेच खाली आल्या. वैष्णवीनं हात काढला आणि चादर तोंडावर ओढली.

इकडं जाधवांचा पडदा काळा झाला. ते धावतच आत गेले. "सर! काय केलंत हे? सगळी सिस्टिम बसली! बाहेर मुलं थांबलीत. आता परीक्षा कशी घ्यायची?"

मुळे सर हातात प्लग धरून उभे होते. हळूच म्हणाले,

"थांबतील. माणूस गेलाय इथं."